भरलेली पेटी आणि यावयाचे पत्र

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रस्त्यावर पिंगळी हे एक लहानसे स्टेशन आहे. १९०० च्या सुमारास, निजामी अमदानीत, मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यातून जो लोहमार्ग घातला गेला, त्याच मार्गावरचे हे गाव. भोवती काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. तीत कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीची ज्वारी. या मुलखातील जुन्या माळवदाच्या घरांत धान्य साठविण्यासाठी भिंतीच्या पोटात बळद केलेले असे. बळदाचे माप घर बांधतानाच ठरे. पुढे ते वाढविण्याची सोय नसे. म्हणून शिमग्याच्या सुमारास खळ्यावर ज्वारीची रास पडू लागली की घरातील जाणती बाई प्रथम बळदाचे तोंड उघडून आत काय उरले आहे ते पाही. जुने धान्य बाहेर निघे, किडके जनावरांपुढे जाई, चांगले आधी दळणास लागे, बळद झाडून-सारवून स्वच्छ होई, आणि मगच नव्या राशीची पोती उंबऱ्याच्या आत येत. हे कोणी कोणास शिकवावे लागत नसे. बळद भरलेले असताना नवे धान्य आले तर ते अंगणात उघड्यावर पडावयाचे आणि एखाद्या अवकाळी सरीने काळे पडावयाचे, हे साऱ्यांस ठाऊक असे.

अशा घरांत आता आणखी एक कोठार आले आहे. ते भिंतीत नाही, माळ्यावर नाही, कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. परंतु त्याचेही माप ठरलेले आहे, तेही भरते, आणि भरल्यावर नवे येणारे दारातूनच परत जाते. ई-मेलचे खाते ते हे कोठार. बळद झाडणाऱ्या घरातही ते झाडण्याची चाल अजून पडलेली नाही.

समजा, पिंगळीच्या एखाद्या घरी बापाचा एकच बरा फोन आहे. परभणीच्या दुकानात तो घेतला त्याच दिवशी दुकानातील पोराने त्यात ई-मेलचे खाते उघडून दिले, परवलीचा शब्द एका पाकिटाच्या पाठीवर लिहिला, आणि ते पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर जाऊन बसले. कोणास पत्रे लिहावयाची होती म्हणून काही हे खाते उघडलेले नव्हते. त्यावाचून फोन नीट चालत नाही, एवढेच त्याचे कारण. चार वर्षांनी घरातील मुलगी पदवी घेऊन नोकरीसाठी अर्ज करते. अर्जात ई-मेलचा पत्ता मागतात, म्हणून ती बापाचाच पत्ता देते. मधल्या काळात थोरल्या भावाचे लग्न झालेले असते, पुतण्याचे बारसे झालेले असते, आणि फोनच्या पडद्यावर इंग्रजीत एक तांबडी ओळ उमटू लागलेली असते: खात्यातील जागा संपत आली आहे. ती ओळ बोटाने बाजूस सारण्याची सवय साऱ्या घरास जडते. एके दिवशी जागा खरोखरच संपते. त्यानंतर आठवड्याने कागदपत्रांच्या तपासणीस हजर राहण्याविषयीचे पत्र कचेरीतून निघते आणि पाठविणाऱ्याकडेच परत जाते. घरी कोणास काही कळत नाही. टपालवाल्याने पाकीट परत नेले असते तर ते निदान शेजाऱ्याने पाहिले असते. येथे दार वाजल्याचाही आवाज होत नाही.

गूगल कंपनीच्या जीमेल खात्याचा नियमच असा आहे. जागा संपली की त्या खात्यातून पत्र पाठविता येत नाही आणि त्यात पत्र येतही नाही. काही वेळा पाठविणाऱ्याचे यंत्र थोडा काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करून पाहते. तेवढ्यात जागा झाली नाही तर पत्र मागे फिरते. आतील जुनी पत्रे मात्र सुखरूप असतात, उघडून वाचताही येतात. खाते ठीक चालले आहे असा जो भ्रम होतो, तो यामुळेच. भरलेल्या पेटीचा दंड ठेवलेल्या वस्तूंना बसत नाही. तो जी वस्तू अजून यावयाची आहे तिला बसतो. आणि गरज तर बहुधा तिचीच असते.

जागेची ही विवंचना ई-मेलइतकीच जुनी आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली जाळ्याच्या मार्गाने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले, तेव्हापासून हा व्यवहार सुरू झाला. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले. पुढल्याच वर्षी ४ जुलैस साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले आणि कोणासही विनामूल्य टपालपेटी मिळू लागली. ही पेटी किती मोठी? २००४ सालीसुद्धा हॉटमेलची विनामूल्य पेटी अवघ्या २ एमबीची होती. आजच्या फोनने काढलेले एक छायाचित्रही तीत बहुधा मावणार नाही. त्या काळी पेटी वापरणारा मनुष्य रोज संध्याकाळी गल्ल्यातील पैसे मोजणाऱ्या दुकानदाराप्रमाणे आपली पत्रे मोजी आणि नकोशी तेथल्या तेथे काढून टाकी. २००४ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस गूगलने एकदम १ जीबी, म्हणजे पाचशेपट जागा देऊ केली. तारीख अशी निवडली होती की पुष्कळांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. यापुढे पत्र टाकून देण्याची गरजच उरणार नाही, असे आश्वासन त्या जागेबरोबर आले, आणि एका पिढीने झाडलोट सोडून दिली.

ते आश्वासन देताना पेटीत पत्रेच ठेवली जातील असे गृहीत होते. पुढे घडले ते निराळेच. २०१३ साली गूगलने जीमेल, ड्राइव्ह नावाचे कागदांचे कपाट आणि छायाचित्रांचा संग्रह या तिन्हींची जागा एकत्र केली आणि तिघांना मिळून १५ जीबी ठरवून दिले. २०१५ पासून काही वर्षे किंचित हलक्या प्रतीची छायाचित्रे कितीही ठेवली तरी ती या मापात धरली जात नसत; ही सवलत १ जून २०२१ पासून नव्या छायाचित्रांपुरती बंद झाली. अँड्रॉइड फोनवरून व्हॉट्सॲपच्या संभाषणांची जी राखीव प्रत गूगलकडे जाते, तीही डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने याच मापात मोजली जाऊ लागली. एकत्र कुटुंबातील सगळ्या जावांच्या चुली वेगळ्या आणि बळद मात्र एक, असा हा प्रकार आहे. एकीने आपल्या माहेरची पोती आणून बळद भरले, तर दुसरीच्या शेतातील धान्यास जागा राहत नाही. छायाचित्रांनी जागा खाल्ली आणि पत्र उपाशी परतले.

येथे थोडा हिशेब मांडून पाहणे अवश्य आहे, कारण जागा कशाने भरते याविषयीच्या सर्वसाधारण कल्पना फार चुकीच्या असतात. दोनशे शब्दांचे एक मराठी पत्र घ्यावे. संगणकाच्या रीतीने एका देवनागरी अक्षरचिन्हास ३ बाइट लागतात. त्यात पत्रासोबत जाणारे पत्ते, तारखा, वाटेतील यंत्रांचे शिक्के हे सारे धरले तरी एवढे पत्र सुमारे २० केबीत सुखाने बसते. या मापाने १५ जीबीच्या पेटीत साडेसात लाख पत्रे मावतील. एखाद्यास रोज दहा पत्रे येतात असे धरले, तर ही पेटी भरावयास दोनशे वर्षे लागतील. आता दुसऱ्या पारड्यात लग्नाचा चलत्पट घालावा. आजचा साधारण बरा फोन एक मिनिटाच्या चित्रणास सुमारे १०० एमबी जागा घेतो. म्हणजे अवघ्या अडीच तासांच्या चित्रणाने तीच पेटी काठोकाठ भरते. हळदीपासून वरातीपर्यंतच्या धामधुमीत घरातील तीन-चार हौशी पोरांनी अडीच तासांचे चित्रण करावे यात नवल ते काय? दोन शतकांचा पत्रव्यवहार आणि एका लग्नातील अडीच तास, दोहोंचे वजन सारखे! स्थिर छायाचित्र ४ एमबीचे धरले तर पावणेचार हजारांत पेटी भरते. आणि हल्ली एकेका बारशाला तीन-चारशे चित्रे सहज निघतात.

दुकानांची, बँकांची आणि प्रवासकंपन्यांची जाहिरातपत्रे येतात, त्यांच्यावर पुष्कळांचा रोष असतो. तो रास्तही आहे, परंतु जागेच्या दृष्टीने त्यांचा अपराध लहान आहे. अशी दहा हजार पत्रे साठली तरी, प्रत्येकी ७५ केबी धरून, ती पाऊण जीबीच्या पुढे जात नाहीत. म्हणजे पेटीचा विसावा भाग. एकेक जाहिरात उघडून टाकून देण्यात रविवारची दुपार घालविणारा गृहस्थ घाम पुष्कळ गाळतो, परंतु त्याने मोकळी केलेली जागा भाचीच्या नाचाच्या एका चित्रपटाने संध्याकाळपर्यंत पुन्हा भरते. तशा पत्रांच्या तळाशी वर्गणी बंद करण्याची जी बारीक अक्षरांतील ओळ असते, तिच्यावर एकदा बोट ठेवावे. जागा फारशी मिळत नसली तरी कामाचे पत्र त्या गर्दीत हरवत नाही, हा लाभ उघड आहे.

खरी हानी याहून वेगळ्या ठिकाणी होते. जागा संपल्याची ओळ पाहून मनुष्य घाबरतो, आणि घाबरलेला मनुष्य जुने ते प्रथम टाकतो. जुने म्हणजे पत्रे. परदेशी असताना मुलाने पहिल्या वर्षी लिहिलेली, गेलेल्या मित्राची, पूर्वीच्या मालकाने दिलेल्या दाखल्याची, जमिनीच्या व्यवहारात झालेल्या होकार-नकाराची. या साऱ्यांचे वजन मिळून एका मिनिटाच्या चित्रणाइतकेही भरत नाही. परंतु ती यादीत सर्वांत खाली असतात आणि त्यांची आठवण बुजलेली असते, म्हणून तीच बळी पडतात.

कोणता कागद पुढे कामास येईल हे आज सांगता येत नाही, याचा अनुभव मराठवाड्याने अगदी अलीकडे घेतला आहे. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा निजामकाळातील मोडी आणि उर्दू लिपींतील कागदांचा शोध सुरू झाला. ज्या दप्तरांवर वर्षानुवर्षे धूळ होती, ती उघडली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसांना मागणी आली. आजोबांच्या संदुकीतील जीर्ण कागद नुसती अडगळ म्हणून पूर्वी कोणी फेकून दिले असतील, त्या घरांनी त्या दिवसांत काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. ज्यांनी ते रुमालात बांधून ठेवले, त्यांनी काही दूरदृष्टीने ठेवले असे नव्हे. संदुकीत जागा होती आणि कागद हलके होते, एवढेच.

या बाबतीत पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरणही ध्यानात घेण्यासारखे आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांच्या हाती गेलेल्या त्या दप्तरात कागदांचे हजारो रुमाल होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या अवधीत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. निवड मोठी चोखंदळपणे झाली; परंतु जे निवडले गेले नाही ते कोणी चुलीत घातले नाही. ते आपापल्या रुमालांत राहिले आणि पुढील अभ्यासकांनी त्यातून आपापल्या प्रश्नांची उत्तरे शोधली. निवडणे हे एक काम आणि नष्ट करणे हे दुसरे. घरच्या पेटीत ही दोन कामे एकाच बोटाने होत असल्यामुळे ती एकच वाटतात.

तेव्हा झाडलोट करावयाची ती वजनाच्या क्रमाने, वयाच्या क्रमाने नव्हे. गूगलच्या खात्यात साठवणुकीचे एक स्वतंत्र पान असते. पत्रे, कपाट आणि छायाचित्रे यांपैकी कोणी किती जागा व्यापली आहे ते त्यावर मांडलेले असते. पहिले काम ते पान पाहण्याचे. पुष्कळ घरांत तेथे असे दिसून येईल की १५ जीबींपैकी पत्रांच्या वाट्याला एखादा जीबीही गेलेला नाही. असे असेल तर पत्रांच्या पेटीस हात लावण्याचे कारणच नाही, छायाचित्रांकडे वळावे.

छायाचित्रांच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते व तिने पुष्कळ घरांत डोळ्यांतून पाणी काढले आहे. फोनमधील जागा आणि खात्यातील जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोन भरला असता फोनमधील प्रती काढाव्या लागतात. खाते भरले असता खात्यातील. परंतु गूगल फोटोजमध्ये राखीव प्रत घेण्याची व्यवस्था चालू असताना तेथील चित्र काढून टाकले, तर ते खात्यातून जाते आणि फोनमधूनही जाते. खात्यातून काढले तरी फोनमध्ये आहेच, अशा समजुतीने लग्नाची सारी चित्रे पुसली जातात. टाकलेली चित्रे साठ दिवस रद्दीच्या टोपलीत राहतात, तेवढ्या अवधीत ती परत घेता येतात, पुढे नाही. म्हणून चित्रे प्रथम संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, त्यातील दहा-वीस उघडून ती खरोखर उमटतात की नाही हे पाहावे, दुसरी एक प्रत निराळ्या डिस्कवर करून निराळ्या घरी ठेवावी, आणि त्यानंतरच खात्यातील प्रत काढावी. डिस्क हीही मर्त्य वस्तू आहे. एकाच डिस्कवर विसंबणे म्हणजे सगळे बियाणे एका मडक्यात ठेवण्यासारखे आहे.

पत्रांच्या पेटीतही वजनदार असामी असतात, आणि त्या शोधून काढण्याची युक्ती सोपी आहे. वरच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजी 'लार्जर' हा शब्द लिहावा, त्यास लागूनच विसर्गासारखी दोन टिंबे द्यावी आणि पुढे इंग्रजी आकड्यांत दहा लिहून एम हे अक्षर जोडावे. दहा एमबीहून जड असलेली तेवढीच पत्रे समोर येतात. त्यात बहुधा पत्रासोबत जोडलेली चित्रे, नकाशे, ठशांच्या जाड फायली निघतात. एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. जोडलेली वस्तू पत्रातून पाठविताना यंत्र तिचे अक्षरांत रूपांतर करते आणि तीन बाइटांचे चार होतात. म्हणून तीच फाइल पत्रात एक-तृतीयांशाने जड भरते. आणखी असे की, धाडलेल्या पत्रांच्या कप्प्यातही तिची एक प्रत राहते. आपण कोणास काय काय पाठविले याची आठवण कोणी ठेवीत नाही, त्यामुळे तो कप्पा सर्वांत दुर्लक्षित असतो.

जीमेलमध्ये जोडलेली वस्तू काढून पत्र तेवढे ठेवण्याची सोय नाही, ही खरोखर अडचणीची गोष्ट आहे. पत्रातील मजकूर हवा असेल तर ते पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पुढे धाडावे, धाडताना जोडलेली वस्तू तेवढी काढावी, आणि मग मूळ जड पत्र टाकावे. तारीख नवी पडते, हा त्यातील दोष. मूळ तारीख मजकुरात उरते.

टाकलेले पत्र लगेच जात नाही. ते तीस दिवस रद्दीच्या टोपलीत पडून असते आणि तेथेही जागा अडवून राहते. टोपली रिकामी केली म्हणजेच ती जागा सुटते. मोकळी झालेली जागा पानावर दिसावयास थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरावा. संग्रहात टाकण्याचे जे बटण आहे, त्याने जागा तिळमात्र वाढत नाही. पत्र समोरून हलते एवढेच. पाहुणे येण्यापूर्वी अडगळ पलंगाखाली सारण्याची जी कला प्रत्येक घरात असते, तीच ही.

दरमहा पैसे भरून अधिक जागा भाड्याने घेता येते, आणि ज्यांच्या धंद्यास चित्रे-चलत्पट लागतात त्यांनी ती घेणे शहाणपणाचे आहे. भाडे थकले की माप पुन्हा पूर्वीइतके होते आणि भरलेले खाते पुन्हा अडते, हे मात्र लक्षात असावे. शिवाय २०२१ च्या जूनपासूनचा नियम असा की, खाते मापाच्या वर सलग दोन वर्षे राहिले तर कंपनी त्यातील सामग्री काढून टाकू शकते. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही असे खाते समूळ काढण्याचा नियमही २०२३ च्या डिसेंबरपासून अंमलात आला आहे. घरातील वडील माणूस निवर्तल्यावर त्यांचा फोन कपाटात जातो, आणि त्यातील पत्रे, चित्रे या नियमाखाली येतात. वर्षातून एकदा, श्राद्धाच्या दिवशी म्हणा, ते खाते उघडले तरी ती वाचतात. कोणाच्या हाती हे खाते सोपवावे हे आपल्या हयातीतच नोंदवून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ सालीच केलेली आहे. मृत्युपत्राप्रमाणे तिचाही विषय काढण्यास घरांत संकोच वाटतो, हे खरे.

गावच्या फोनांतील अडगळीस शहरांतील आप्तही कारण होतात. पुण्यामुंबईकडील मुलगा, सून, भाचा ही मंडळी सकाळी सूर्योदयाची चित्रे धाडतात, सणावारी चलत्पट धाडतात. ती सारी गावच्या फोनात उतरतात, राखीव प्रतीच्या वाटेने वडिलांच्या खात्यात चढतात आणि त्यांच्या टपालाची जागा घेतात. पाठविणाऱ्यास प्रेमाशिवाय दुसरे काही पाठविल्याची जाणीवही नसते. मोठे चित्रण पाठवावयाचे झाल्यास ते स्वतःच्या ड्राइव्हच्या कपाटात ठेवून त्याचा दुवा तेवढा पाठवावा. कपाटातील वस्तूचे वजन मालकाच्या खात्यावर पडते, पाहणाऱ्याच्या पडत नाही. आईवडिलांच्या भेटीस गावी गेल्यावर छपरावरची टाकी धुऊन देणारा मुलगा त्यांच्या फोनातील साठवणुकीचे पान अर्धा तास पाहील, तर त्याच भेटीत हेही काम उरकेल.

याहून सोपा असा एक उपाय आहे, आणि तो अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने करावा. कामकाजासाठी एक निराळे खाते उघडावे. त्यास पैसे पडत नाहीत. छायाचित्रांची राखीव प्रत त्यास जोडू नये, व्हॉट्सॲपची जोडू नये. त्यात फक्त परीक्षा, प्रवेश, नोकरी, बँक, पीकविमा यांची पत्रे यावी. बियाण्याची ज्वारी जशी बळदात न घालता वेगळ्या मडक्यात राखेत ठेवीत, तसे हे खाते. नुसत्या पत्रांनी त्याचे माप एका आयुष्यात भरावयाचे नाही, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच.

पिंगळीच्या त्या कल्पिलेल्या घरी एखाद्या संध्याकाळी हे सारे ध्यानात येते असे धरू. मुलगी देव्हाऱ्यावरचे पाकीट शोधते, पाठीवरचा परवलीचा शब्द वाचते, शेजारच्या मास्तरांचा संगणक मागून आणते. लग्नाची चित्रे दोन डिस्कांवर उतरतात. टाकण्यापूर्वी आजी हळदीचे चित्रण पुन्हा एकदा पाहू म्हणते, आणि ते पाहण्यात रात्रीचे दहा वाजतात. टोपली रिकामी होते. सकाळी पडद्यावरची तांबडी ओळ गेलेली असते.

आता पेटीत जागा आहे, परंतु जे पत्र परत गेले ते आपण होऊन येत नाही. यंत्राच्या दृष्टीने तो व्यवहार संपलेला असतो. मुलगी शेजारच्या फोनवरून स्वतःच्या पत्त्यावर दोन ओळींचे पत्र धाडून ते पोचते की नाही ते पाहते, पोचते. मग अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून घेते, कचेरी उघडण्याच्या वेळेची वाट पाहते, आणि मधल्या दिवसांत आपल्या नावे काही पत्र निघाले होते काय, निघाले असल्यास ते पुन्हा पाठवावे, एवढे विचारण्यासाठी साडेदहाच्या सुमारास फोन लावते. पलीकडे घंटा वाजत असते.